हमीचा रकाना

सोमवार, २ सप्टेंबर

आले एकदाची! बॅग कॉटखाली सरकवली, खिडकी उघडली, पंखा फुल्ल केला आणि पहिलं काम म्हणजे ही वही काढली. नवं गाव, नवी नोकरी, नवी खोली. खोली म्हणजे एक कॉट, एक टेबल, एक ट्यूबलाइट आणि ऑफिसच्या मागच्या भिंतीकडे बघणारी खिडकी. पण माझी एकटीची आहे. घरी धाकटीच्या लाथा खात झोपायचे, त्यामानाने हा राजवाडाच.

कंपनी दारांची कुलुपं बनवते. किल्लीची नाहीत, आकड्यांची. आकडे दाबले की दार उघडतं आणि आकडे विसरले की माणूस आपल्याच घराबाहेर नाहीतर घरातच अडकून बसतो. मग तो मदत केंद्राला फोन करतो. ते मदत केंद्र म्हणजे आम्ही. बाबा मला लहानपणापासून रेडिओ म्हणतात, कारण मी बंद होत नाही. आता बोलायचाच पगार मिळणार म्हटल्यावर ते म्हणाले, चला, वीज फुकट गेली नाही.

वसतिगृह कंपनीचंच आहे, ऑफिसच्या पाठीला पाठ लावून. त्यामुळे खोल्यांनाही आमचीच कुलुपं. त्यासाठी माझी ग्राहक म्हणून नोंदणी झाली आणि ओळख पटवायला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली. घरात लाडाने काय म्हणतात, लहानपणी काय हरवलं होतं, शाळेत कशाची भीती वाटायची. मी लिहिलं, रेडिओ, लाल छत्री, भूगोल. तीन शब्दांत अख्खी मी आटोपले म्हणून जरा वाईटच वाटलं.

महिनाअखेरीस धाकटी शिकायला लांब जाणार आहे. मी आल्याशिवाय गाडीत पाऊल ठेवायचं नाही, असं तिला बजावून आले आहे. निघताना ती रडली नाही, नुसती माझ्या बॅगेची चेन उघडझाप करत बसली होती.

गुरुवार, ५ सप्टेंबर

ट्रेनिंग संपलं. आमचा टीम लीडर हाडाचा मास्तर आहे, म्हणून मी त्याचं नाव हेडमास्तर ठेवलंय. प्रत्येकीच्या टेबलावर त्याने एक छोटा आरसा लावलाय. त्यात बघून हसत बोलायचं, म्हणजे हसू आवाजात उतरतं म्हणे. मी दिवसभर स्वतःकडे बघून दात काढतेय. आईने बघितलं तर दृष्ट काढेल.

नियम मोजकेच आहेत. फोन आपण आधी ठेवायचा नाही, ग्राहक ठेवेल तेव्हाच कॉल संपतो. तो बोलत राहिला तर ऐकत राहायचं, काही शोधायचं असेल तर होल्डवर टाकायचं, तेव्हा त्याला एक टुंटुं अशी धून ऐकू येते. उत्तरं जुळल्याशिवाय कुणाचंही दार उघडायचं नाही. आणि स्क्रीनच्या तळाशी एक हमीचा रकाना आहे. ग्राहकाला स्वतःची उत्तरं आठवत नसतील, तर त्याच्या ओळखीचा आपलाच दुसरा ग्राहक स्वतःची उत्तरं देऊन त्याला जामीन राहू शकतो. मग दार जामिनाच्या नावावर उघडतं. कर्मचाऱ्यांनी मात्र तो रकाना कधीही भरायचा नाही.

का, असं मी विचारलं. मला कुठे गप्प बसवतं! हेडमास्तराने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, नियम आहे.

माझी जागा भिंतीकडची. आधीची मुलगी अचानक सोडून गेली म्हणून रिकामी होती. खुर्ची डावीकडे कलते. शेजारी बसणारी बाई गेली कितीतरी वर्षं इथे आहे, कॉल नसेल तेव्हा विणकाम करते. ती म्हणाली, उशी ठेवून बघ, उपयोग होणार नाही, पण बघ.

सोमवार, ९ सप्टेंबर

आज खऱ्याखुऱ्या लोकांशी बोलले! एक आजोबा गच्चीत कपडे काढायला गेले आणि मागे दार लागलं. अंगावर बनियन, हातात सुनेची साडी. उत्तरं धडाधडा दिली त्यांनी. मी बटण दाबलं आणि फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला, खट्. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. आजोबा म्हणाले, पोरी, तुझं कल्याण होवो, आणि सूनबाईला यातलं काही सांगू नकोस.

नंतर एका बाईचं बाळ आतल्या खोलीत अडकलं होतं. तिला उत्तरं सुचेनात, नुसती हुंदके देत होती. मी तिला हळूहळू बोलतं केलं, बाळाचं नाव विचारलं, शाळेचं विचारलं, आणि बोलता बोलता उत्तरं आली. खट्. तिने फोन तसाच टाकून धाव घेतली. मला बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मग मीही रडले, आणि आरशात माझं नाक लाल दिसत होतं.

बुधवार, ११ सप्टेंबर

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली. एका गृहस्थाने माझं कुळ काढलं, शिक्षण काढलं, मी कोणत्या लायकीची आहे तेही सांगितलं. कुलूप त्याने स्वतःच हातोडीने ठोकलं होतं. फोन ठेवता येत नाही, उलट बोलता येत नाही, आरशात बघून हसायचं. शेजारणीने हाताच्या खुणेने युक्ती शिकवली. हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवायची आणि मधूनमधून 'हो, समजलं' म्हणायचं. एका कानात शिव्या, दुसऱ्या कानात तिच्या सुयांची टिकटिक. जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडून आले, मग पोटभर जेवले. पगार रडण्याचाही धरलेला असावा.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

एक विचित्र कॉल आला. बाईचा आवाज, तरुण, अगदी शांत. म्हणाली, दार लागलंय, उघडून द्याल का? मी प्रश्न विचारले. तिने उत्तरं दिली, पण एकही जुळलं नाही. मी म्हटलं, आठवून सांगा. ती म्हणाली, आठवतंय तेच सांगतेय, पण इथे आता ते चालत नाही.

स्क्रीनवर पत्त्याच्या जागी काहीच नव्हतं. मी तिला होल्डवर टाकून शेजारणीला विचारलं. तिच्या सुया थांबल्या. म्हणाली, तो कॉल याच खुर्चीला येतो. होल्डवर ठेव आणि विसर.

विसरणार कशी? स्क्रीनवर तिच्या होल्डचा दिवा लुकलुकत होता. शिफ्ट संपेपर्यंत तिने फोन ठेवला नाही. जिन्यात मी होल्डची धून गुणगुणत होते, ते खोलीशी आल्यावर लक्षात आलं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

ती रोज फोन करते. ओरडत नाही, शिव्या देत नाही. खरं सांगायचं तर दिवसभरात माझ्याशी माणसासारखं बोलणारी तीच एक आहे. मी तिला धाकटीबद्दल सांगितलं. छत्रीची गोष्टही सांगितली, जत्रेत मी हरवले आणि छत्रीही, तेव्हा मी छत्रीसाठी भोकाड पसरलं आणि घरचे मात्र मी सापडले म्हणून खूश होते. ती हसली. मग मी विचारलं, तुझ्याकडे कोण कोण आहे? आई, म्हणाली. लगेच येते असं सांगून निघाले होते.

 आज सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "खुर्ची अजून डावीकडे कलते का गं?"

मी हो म्हटलं. मग वाटलं, हिला कसं ठाऊक? कुठल्या तरी दिवशी मीच बोलले असेन. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे बाबा म्हणतात ते खरंच आहे.

गुरुवार, १९ सप्टेंबर

हेडमास्तराकडे गेले. म्हटलं, एक बाई कुठेतरी अडकली आहे, पोलिसांना कळवू या. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, पत्ता काय लिहिणार? मग म्हणाला, चांगलं काम करतेस, महिनाअखेरीची रजा मंजूर आहे, घरी जाऊन ये. इतक्या हळू आवाजात तो कधी बोलत नाही.

आज तिने दार उघडायला सांगितलंच नाही. फक्त श्वास ऐकू येत होता. मी विचारलं, खायला आहे का? म्हणाली, भूक लागत नाही. उजेड आहे का? आहे. मग काय नाही? म्हणाली, हाक मारणारं कुणी नाही.

मला धाकटी आठवली. ती अशी कुठे अडकली आणि फोनवरची मुलगी नियम वाचून दाखवत बसली तर?

शुक्रवार, २० सप्टेंबर

भरला. हमीचा रकाना भरला. नोकरी गेली तर जाऊ दे.

हेडमास्तर मीटिंगमध्ये होता, शेजारीण चहाला गेली होती. मी तिला म्हटलं, मी जामीन राहते तुला.  ती म्हणाली, नीट विचार केलास का? मी म्हटलं, विचार करणाऱ्यांनी तुला इतके दिवस आत ठेवलंय. रेडिओ, लाल छत्री, भूगोल. बटण दाबलं.

खट्.

मी आनंदाने टेबलावर हात आपटला. ती मात्र हसली नाही. अगदी जवळून म्हणाली, "माफ कर हं, रेडिओ."

फोन तिने ठेवला नाही आणि मला ठेवता येत नाही, म्हणून मी ऐकत राहिले. पावलं. जिना. मग लांब व्हरांडा असावा. माझ्या एका कानावर हेडफोन होता, दुसरा कान मोकळा होता. तेवढ्यात कँटीनची घंटा झाली, आणि ती दोन्ही कानांत एकदमच वाजली.

शनिवार, २१ सप्टेंबर

काल नीट झोप लागली नाही. ती याच इमारतीत होती. मग कुठे होती? सगळे मजले पालथे घातले. वसतिगृहात माझ्या मजल्यावर माझी खोली शेवटची, त्यापुढे भिंत. भिंतीला हात लावून बघितला, भिंतच आहे.

बाहेर पडली ना, मग चांगलंच झालं. चांगलंच केलं मी.

तिचा फोन नाही आला आज. धून मात्र डोक्यातून जात नाही.

सोमवार, २३ सप्टेंबर

ऑफिसच्या दाराला माझे आकडे चालेनात. वॉचमनने यंत्रात बघून सांगितलं की मी शुक्रवारीच बाहेर पडल्याची नोंद आहे, बॅग घेऊन, सही करून. मी म्हटलं, काका, ही काय मी तुमच्यासमोर उभी आहे. त्याने माझ्याकडे आणि यंत्राकडे आळीपाळीने बघितलं आणि यंत्रावर विश्वास ठेवला. शेवटी शेजारणीने आत घेतलं.

स्क्रीनवर तो बिनपत्त्याचा ग्राहक उघडून बघितला. खाली दोन ओळी होत्या. ग्राहक बाहेर. जामीन आत.

शेजारणीला सगळं सांगितलं. तिच्या हातातलं विणकाम खाली पडलं, तिने ते उचललं नाही. म्हणाली, तुझ्या आधीची मुलगीही अशीच कनवाळू होती. आम्ही एका डब्यात जेवायचो. एक दिवस उठून गेली. महिन्याने सामान न्यायला आली तेव्हा मी गळ्यात पडले, तर तिने मला ओळखलंच नाही. चेहरा तोच, पण आत दुसरंच कुणी बसल्यासारखं. त्यानंतर हा कॉल आला तेव्हा आवाज ओळखीचा वाटला होता, पण मी कान बंद केले, असं म्हणाली आणि रडायला लागली.

मग सांगितलं का नाहीस मला? मी ओरडले. ती म्हणाली, कुणी विश्वास ठेवला असता?

मंगळवार, २४ सप्टेंबर

घरी फोन केला. धाकटीने उचलला. मी म्हटलं, अगं मी, ताई.  ती तोंड बाजूला करून म्हणाली, आई, कुठल्या तरी कंपनीचा फोन आहे.

मी म्हटलं, रेडिओ बोलतेय, बाबांना दे, कुणालाही दे. आईने घेतला. मी आई म्हणून हाक मारली. आईचा आवाज असा परका मी कधी ऐकला नव्हता.

"बाई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. आमची मुलगी शनिवारीच आलीय. इथे माझ्या शेजारी बसून बहिणीची बॅग भरतेय."

मागे कुणीतरी गुणगुणत होतं. टुंटुं. आमची होल्डची धून.

आईने फोन ठेवला. ग्राहक ठेवेल तेव्हाच कॉल संपतो.

आत्ताच निघते. बस मिळेल ती. समोर जाऊन उभी राहिले की आई ओळखेल, आई आहे ती. फक्त खोलीत येऊन बॅग घेतली आणि ही ओळ लिहिली, की —

दार आपोआप लागलं.

बुधवार

आतून आकडे घेत नाही. खूप ठोकलं. आधी व्हरांड्यात बायकांचे आवाज यायचे, आता काहीच येत नाही. खिडकीबाहेर ऑफिसची भिंत होती, ती जवळ आल्यासारखी वाटते. काच उघडत नाही. फोन लागतो तो एकाच ठिकाणी.

"नमस्कार, मदत केंद्रात आपलं स्वागत आहे." मग धून.

तारीख —

माहीत नाही. वही उघडली की तारीख लिहायला हात थांबतो. ट्यूबलाइट विझत नाही. भूक लागत नाही. तिने सांगितलं होतं की.

धाकटी गेली असेल. गाडीत बसली असेल. तिला सोडायला ती गेली असेल, माझा चेहरा घालून. धाकटीने वळून हात केला असेल तो कुणाला —

नंतर

शेजारणीने एकदा उचलला. मी आहे गं, मी, म्हटलं. तिचा श्वास अडकलेला ऐकला मी. नक्की ऐकला. मग सुयांची टिकटिक. मग धून.

तिला दोष नाही. कान बंद केले तिने. मीही तेच केलं असतं, म्हणजे — नाही, मी तर —

नंतर

त्या खुर्चीवर नवी मुलगी आली आहे.

आवाजात हसू आहे. आरशात बघत असणार. मला प्रश्न विचारले. रेडिओ, म्हटलं. जुळत नाही. लाल छत्री. जुळत नाही. भूगोल. ताई, आठवून सांगा ना, म्हणाली. बिचारी मनापासून विचारत होती.

ठरवलंय. हिच्याशी फक्त दाराचं बोलायचं. बाकी काही नाही.

नंतर

तिला एक धाकटा भाऊ आहे. त्याला बोलता येत नाही म्हणे, ती खुणांनी गोष्टी सांगते त्याला. सुट्टीत घरी जाणार आहे. मी विचारलं नव्हतं. तीच सांगत बसली. किती दिवसांनी कुणी काही सांगितलं मला.

विचारणार नाही मी. खुर्चीचं विचारणार नाही.

नंतर

विचारलं.

नंतर

आज मी बोललेच नाही. नुसता श्वास. तिने विचारलं, भूक लागली आहे का, उजेड आहे का. काय नाही, असं विचारलं. मला उत्तर माहीत होतं. मी दिलं.

ती रडतेय असं वाटलं.

आता

फोन कानाशी धरून लिहितेय. ती कुजबुजतेय. म्हणते, ताई, इथे आत्ता कुणी नाही. खाली एक रकाना आहे. मी माझीच उत्तरं घालू का, मी जामीन राहते तुम्हाला.

आई. धाकटी. बाबा हाक मारतील, रेडिओ म्हणून — मला नाही मारणार. मला हिच्या घरी जावं लागेल. तो मुलगा खुणा करेल आणि मला एकही कळणार नाही —

तरी बाहेर.

नको म्हणायचं फक्त. नको, बाळा, फोन ठेव. फार नाही. जन्मभर बडबड केली, कुणालाच मला गप्प बसवता आलं नाही, आता एवढंच बोलायचंय. कीबोर्डचा आवाज येतोय. पहिलं उत्तर घातलं तिने. दुसरं. ती परत विचारतेय, ताई, ऐकताय ना, दाबू का?

अजून वेळ आहे, अजून म्हणता येईल, आणि मी गप्प —